तिप्पट मांसाचा वायदा: रियाझानच्या लारिओनोव्हचं प्रकरण

गाय गाभण राहिली की वासरू व्हायला नऊ महिने, आणि ते वासरू कापण्याजोगं भरायला वरून वर्ष-दीड वर्ष, हे गोठ्यात शेण काढलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मग एखाद्या प्रांताचा मुख्य नेता जानेवारीत उभा राहून म्हणाला की डिसेंबरपर्यंत मांस तिप्पट करून दाखवतो, तर ती जनावरं येणार कुठून? जी आत्ता दावणीला उभी आहेत तीच कापली जाणार, दुसरं काय. हे १९५९ च्या सोव्हिएत रशियात, रियाझानमधल्या प्रत्येकाला कळत होतं असं मला वाटतं. तरीही ते झालं, आणि जे झालं त्याला रशियात आजही 'रियाझानचा चमत्कार' म्हणतात, अर्थात चिमटा काढत.

रियाझान हे मॉस्कोच्या आग्नेयेला साधारण २०० किलोमीटरवर, ओका नदीच्या काठचं शहर, आणि त्याच नावाची ओब्लास्त. ओब्लास्त म्हणजे प्रांत म्हणा, आपले दोन-अडीच मोठे जिल्हे मावतील एवढा. क्षेत्रफळ चाळीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, १९५९ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या जवळपास. राई, बटाटा, दूध, असा सगळा साधा शेतकरी मुलूख. या ओब्लास्तच्या कम्युनिस्ट पार्टी कमिटीला म्हणायचं ओब्कॉम, आणि ओब्कॉमचा पहिला सचिव म्हणजे तिथला राजाच. कलेक्टर, पालकमंत्री, पक्षाचा जिल्हाध्यक्ष आणि सगळ्या सोसायट्यांचा चेअरमन हे सगळं एकाच माणसात ओतलं तर जे तयार होईल ते. फक्त एक फरक, त्याला खालून कोणी हटवू शकत नाही, आणि वरून मात्र एका फोनवर जातो. पुढचं सगळं समजायला एवढी एकच गोष्ट पुरे आहे खरं तर.

अलेक्सेई निकोलायेविच लारिओनोव्ह हा तिथला पहिला सचिव. जन्म १९०७, तिकडे उत्तरेला अर्खांगेल्स्क भागातल्या एका खेड्यात, शेतकरी घरात. पार्टीच्या जिन्याने एकेक पायरी चढत वर आलेला माणूस, कोणाचा जावई-भाचा म्हणून नाही. १९४२ मध्ये, ऐन युद्धात, त्याला यारोस्लावलच्या ओब्कॉमचा पहिला सचिव केलं. तेव्हाचं यारोस्लावल म्हणजे टायरचे कारखाने, वेढ्यातून सुटून आलेले लेनिनग्राडचे उपाशी लोक, पोरं, आणि वरून रोज 'अमुक इतकं पाठवा' असे हुकूम. त्या काळात जो सचिव 'जमणार नाही' म्हणाला तो टिकला नसता, आणि हा टिकला. मग युद्धानंतर मॉस्कोत पार्टीच्या केंद्रीय समितीच्या ऑफिसात माणसं नेमायच्या-बदलायच्या खात्यात काम, आणि १९४८ मध्ये रियाझान. १९५२ पासून केंद्रीय समितीचा सभासद. म्हणजे रियाझानच्या खुर्चीत तो पुढे जवळपास बारा वर्षं बसला, आणि त्यातली पहिली दहा वर्षं तो वाईट सचिव नव्हता हे मुद्दाम लिहितोय, कारण या प्रकरणाबद्दल बोलताना लोक त्याला सरळ भामटा करून मोकळे होतात. भामटा असता तर गोष्ट सोपी होती. १९५३ नंतर सरकारने शेतमालाचे खरेदीभाव वाढवले, खेडुतांच्या घरच्या गाईवरचे, परसातल्या तुकड्यावरचे कर कमी केले, आणि त्या मोकळ्या हवेत इतर ठिकाणांसारखंच रियाझानचंही दूध वाढलं. माणसाला यश मिळत होतं. आणि यश मिळणाऱ्या माणसाकडेच वरचे लोक आणखी मागतात ना.

आता वरचा माणूस कोण तर सगळ्या सोव्हिएत पार्टीचा पहिला सचिव निकिता ख्रुश्चेव्ह. २२ मे १९५७ ला लेनिनग्राडमध्ये भाषण करताना त्याने जाहीर करून टाकलं की येत्या तीन-चार वर्षांत माणशी मांस, दूध आणि लोण्यात आपण अमेरिकेला गाठायचं. मांसाचा हिशेब असा होता की सोव्हिएत उत्पादन तिपटीहून जास्त वाढायला हवं. अर्थतज्ज्ञांनी त्याला कागद करून दिला होता की फार फार तर १९७५ पर्यंत होईल, तर त्याने तो कागद भर सभेत चेष्टेवारी नेला, हॉल हसला. कागद बरोबर होता आणि हॉल चूक होता, पण हॉलमध्ये टाळ्या असतात आणि कागदाला टाळ्या वाजवता येत नाहीत.

त्याच जूनमध्ये मोलोतोव्ह, मालेंकोव्ह, कागानोविच या जुन्या मंडळींनी ख्रुश्चेव्हला खाली खेचायचा प्रयत्न केला आणि त्याला वाचवलं ते केंद्रीय समितीने, जिच्यात अशा प्रांतिक सचिवांचा भरणा होता. म्हणजे हे दोघं एकमेकांना बांधलेले. ख्रुश्चेव्हला सचिव हवेत, सचिवांना ख्रुश्चेव्ह हवा. पुढे १९५८ संपत आलं, मांसाचा आकडा काही हलेना, आणि ख्रुश्चेव्हला आता कोणीतरी एक तरी पठ्ठ्या पाहिजे होता जो करून दाखवेल, ज्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना म्हणता येईल की बघा, याला जमलं, तुम्हाला काय धाड भरली?

तो पठ्ठ्या लारिओनोव्ह.

रियाझान वर्षाला सरकारला साधारण ५० हजार टन मांस द्यायचं. जानेवारी १९५९ मध्ये ओब्लास्तने वायदा केला १ लाख ५० हजार टनांचा, एका वर्षात. मी एकदा बसून ढोबळ गणित मांडलं. एका जनावराचं जिवंत वजन ३५० किलो धरलं तर वरचे एक लाख टन म्हणजे पावणेतीन लाखांहून जास्त गुरं, नेहमीच्या कापायच्या जनावरांच्या वर. डुकरं-मेंढ्या धरल्या तर आकडा जरा हलेल, पण मूळ मुद्दा तोच. पूर्ण दीड लाख टन सगळ्या लोकसंख्येवर वाटले तर माणशी शंभर किलोंहून जास्त. एवढी जनावरं बारा महिन्यांत हवेतून येत नाहीत.

केंद्रीय समितीच्या शेती खात्याने, म्हणजे ज्यांना यातलं कळत होतं त्यांनी, हा वायदा छापू नका म्हणून सांगितलं. ख्रुश्चेव्हने ऐकलं नाही, पार्टीच्या मुख्य वर्तमानपत्रात, 'प्राव्दा'त, तो छापून आणवला. आणि 'प्राव्दा'त छापलं म्हणजे ते नुसतं वचन राहत नाही, देशभर गाजावाजा होतो, स्तावरोपोल, क्रास्नोदार अशा प्रांतांनी लगेच आपापले वायदे पुढे केले. राजा बोले दळ हाले. फेब्रुवारीत तर कहर झाला, ओब्लास्तला ऑर्डर ऑफ लेनिन हा देशातला सगळ्यात मोठा मान मिळाला आणि ख्रुश्चेव्ह स्वतः रियाझानला येऊन तो देऊन गेला.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळं प्रकरण या फेब्रुवारीत आहे, शेवटच्या पिस्तुलात नाही (ते पुढे येतंय). वायदा डिसेंबरचा आणि बक्षीस फेब्रुवारीत! वायदा नुसता वायदा असता तर मे-जूनमध्ये लारिओनोव्ह जाऊन सांगू शकला असता की साहेब, चारा कमी पडला, पावसाने घात केला, नव्वद हजारांवर भागवा. सोव्हिएत राज्यात अशी तडजोड रोज चालायची, योजना वर्षाच्या मध्यात गुपचूप खाली आणणं ही तर कलाच होती तिकडे. पण एकदा पदक झेंड्याला लागलं, फोटो निघाले, की परत जायची वाट बंद. आता मांस कमी पडलं तर रियाझानचं नाक कापलं जातं ते आहेच, पण पदक देणाराही उघडा पडतो. आणि देणाऱ्याला उघडं पाडणारा सचिव खुर्चीत राहत नाही. आमच्याकडे सेल्समध्ये असंच एकदा झालं होतं, मी नाव घेत नाही, एका साहेबाला वर्ष संपायच्या आधीच 'बेस्ट रीजन'ची ट्रॉफी देऊन टाकली, मग मार्च एंडला आम्ही डीलरांच्या गोडाऊनमध्ये नको असलेला माल कोंबला आणि एप्रिलमध्ये तोच माल गपचूप परत आला. फरक एवढाच की आमचा माल डब्यातला होता, त्याला दूध येत नव्हतं आणि त्याला कापलं तरी पुढच्या वर्षी नवीन डबे कारखान्यातून यायचे.

रियाझानमध्ये १९५९ मध्ये काय काय झालं ते क्रमाने सांगण्यात अर्थ नाही, सगळं एकमेकांत घुसलेलं आहे. त्या वर्षी वाढलेली सगळी जनावरं कापली. ती पुरली नाहीत तशा दुभत्या गाई आणि पैदाशीचे वळू काढले. पैदाशीचा वळू कापणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको, कोठीतलं बियाणं दळून भाकऱ्या थापल्यासारखं आहे ते. तेही पुरेना, तेव्हा कोलखोजच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, सभासदांच्या घरच्या गाईंकडे नजर वळली.

ही घरची गाय नीट डोळ्यासमोर आणा. कोलखोजमध्ये दिवसभर राबून हातात येणारा पैसा नगण्य, बराचसा मोबदला धान्यात आणि तोही वर्षाच्या शेवटी उरलं तर. घर चालायचं ते परसातल्या तुकड्यावरच्या बटाट्यावर आणि या एका गाईवर. दूध तिचं, ताक-लोणी तिचं, शेणखत तिचं, वासरू विकून बूट-कोट तिच्यातून. १९३० च्या दशकात सामुदायिकीकरण झालं, सगळं काढून घेतलं, तेव्हासुद्धा शेवटी स्टालिनला ही एक गाय घरात राहू द्यावी लागली होती. आणि १९५९ मध्ये त्या दारात माणसं येतात, म्हणतात गाय कोलखोजला द्या, कायमची नाही हो, तात्पुरती, ही घ्या पावती, पुढच्या वर्षी फिटेल. गाय गेली, हातात कागद राहिला. दोरी सोडून कागद धरायचा. त्या बाईने (कारण युद्धानंतर त्या खेड्यांत पुरुष फार थोडे उरले होते, घरं बायकाच चालवत होत्या) तो कागद कुठे ठेवला असेल असं मला सारखं वाटतं.

गाई घेऊनही आकडा भरेना. मग शेजारच्या ओब्लास्तांत जाऊन गुरं विकत घ्यायला लागले, आणि पैसा कुठला तर यंत्रं घ्यायला, शाळा बांधायला, रस्त्यांना ठेवलेला. त्यातच १९५८ मध्ये सरकारी ट्रॅक्टर स्टेशनं मोडून ट्रॅक्टर कोलखोजांच्या गळ्यात मारले होते, त्यांचे हप्ते डोक्यावर होतेच. शेजारचे प्रांतही काही खुळे नव्हते, त्यांनाही स्वतःचे कोटे भरायचे होते, तेव्हा त्यांनी गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यांवर पोलीस उभे केले असं सांगतात. ऋण काढून सण म्हणतात ना, तर हा त्याच्याही पुढचा प्रकार, शेजाऱ्याच्या दावणीवर सण. ओब्लास्तमधल्या संस्थांवर, अगदी शाळा आणि पोलिसांवरसुद्धा, मांसाचा कर बसवला, तुम्ही इतके किलो आणून द्या. दुकानांतलं मांस गायब झालं, कारण दुकानातलंच मांस विकत घेऊन पुन्हा सरकारी खरेदी केंद्रावर 'नवीन' म्हणून जमा व्हायचं. जादा भावाने घ्यायचं आणि कमी भावाने द्यायचं, मधला तोटा कोलखोजच्या खात्यावर. आणि शेवटी कागदी जनावरं. गाय कोलखोजच्याच गोठ्यात रवंथ करतेय पण रजिस्टरमध्ये ती 'सरकारला विकली, सध्या सांभाळायला इथे ठेवली' अशी पावती. रशियनमध्ये अशा वाढीव नोंदींना प्रिपिस्की म्हणतात, शब्दशः वरून लिहिलेलं. कारकुनी शब्द आहे, पण त्या देशातल्या प्रत्येक कारखान्यात आणि शेतात तो रोजच्या बोलण्यात होता.

खालच्या माणसाने नाही का म्हटलं नाही, असं कोणी विचारेल. तालुक्याच्या पार्टी कमिटीला रायकॉम म्हणतात, तिथला सचिव लारिओनोव्हकडे तसाच बघायचा जसा लारिओनोव्ह मॉस्कोकडे. पार्टी कार्ड गेलं की नोकरी, घर, पोरांचं शिक्षण सगळ्याला धक्का. आणि फक्त भीतीच होती असंही नाही. दहा वर्षं एकत्र काम केलेली टीम होती, साहेबाने आजवर निभावून नेलंय, हेही नेईल, आपण सगळे एका होडीत आहोत, ही भावनाही होती. माझ्या अनुभवात नुसत्या भीतीने इतकी मोठी लबाडी वर्षभर चालत नाही, तिला थोडा भाईचारा लागतो. बाकी मॉस्कोला सामान्य लोकांची पत्रं जात होती, सह्यांची आणि बिनसह्यांची, पण त्या वर्षी ती वाचायची कोणाला इच्छा नव्हती.

डिसेंबरच्या मध्यावर रियाझानने घोषणा केली, दीड लाख टन पूर्ण. मॉस्कोत केंद्रीय समितीची बैठक होती, तिथे लारिओनोव्हचं कौतुक, आणि त्याच महिन्यात त्याला समाजवादी श्रमाचा नायक हा किताब, छातीवर सोन्याचा तारा. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ख्रुश्चेव्ह अमेरिका फिरून आला होता, आयोवातली मक्याची शेतं आणि गुरं डोळ्यांनी पाहून आला होता, म्हणजे त्याला कमीत कमी अंदाज यायला हवा होता की मांस कशातून तयार होतं. आणि आता खरी कमाल, १९६० साठी रियाझानने नवा वायदा केला १ लाख ८० हजार टनांचा! म्हणजे गोठे रिकामे झालेत हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत होतं त्याच माणसाने आकडा आणखी वर नेला. वेडेपणा वाटतो, पण त्याच्या जागी बसून बघा. ज्याने तिप्पट केलं तो पुढच्या वर्षी कमी कसं सांगणार, कमी सांगणं म्हणजेच कबुली.

एक गंमत जाता जाता. याच काळात याच रियाझान शहरात एका शाळेत सोल्झेनित्सिन नावाचे मास्तर, पुढे जगभर गाजलेले लेखक, फिजिक्स आणि खगोल शिकवत होते, संध्याकाळी घरी बसून लपून लिहीत होते. तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं आणि लारिओनोव्हचा फोटो पेपरात होता.

१९६० मध्ये सगळं अंगावर आलं. १ लाख ८० हजारांच्या जागी जेमतेम ३० हजार टन. गुरांची संख्या १९५८ च्या मानाने साधारण ६५ टक्क्यांनी खाली. आणि ज्यांच्या गाई पावतीवर गेल्या होत्या त्यांनी कोलखोजच्या शेतावर जायलाच नकार दिला, का जावं, त्यामुळे धान्यही जवळपास निम्म्यावर आलं. यातला धान्याचा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. मांस कमी पडणार हे गणित होतं, धान्य कमी पडलं ते रागाने. संप करायची सोय नव्हती, मतपेटीत राग काढायची सोय नव्हती, राहिली एकच गोष्ट, सकाळी उठून कामावर न जाणं.

मॉस्कोहून चौकशी समिती आली, रजिस्टरं उघडली. लारिओनोव्हला पदावरून काढलं आणि १९६० च्या शरदातच तो गेला, वय ५३. अधिकृतपणे सांगितलं गेलं ते हृदय बंद पडल्याचं, पण त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली हे रियाझानमध्ये आणि पुढे सगळीकडे मानलं जातं. इथे काही लोक त्याला हुतात्मा करतात की बघा, शरमेने मेला, बाकीचे निर्लज्ज होते. मला ते पटत नाही. त्या पावत्या त्याच्या सहीखाली चालणाऱ्या यंत्रणेने वाटल्या होत्या, आणि 'जमणार नाही' म्हणायची संधी त्याच्याकडे जानेवारी १९५९ मध्ये पक्की होती, फेब्रुवारीनंतर नव्हती. पण तो एकटा गुन्हेगार हेही खोटं आहे. शेती खात्याचा सल्ला डावलून तो आकडा छापून आणणारा माणूस १९६४ पर्यंत देशाचा प्रमुख राहिला आणि जानेवारी १९६१ च्या बैठकीत त्यानेच सरकारला फसवणाऱ्यांवर झोड उठवली. त्याच बैठकीत तो युक्रेनच्या सचिवाला, पोदगोर्नीला, मक्याच्या आकड्यांवरून सगळ्यांसमोर झाडत होता.

मे १९६१ मध्ये कायदा झाला, वाढीव नोंदी हा आता फौजदारी गुन्हा, तुरुंग. चांगला कायदा, पण पकडणार कोणाला, रजिस्टर लिहिणाऱ्याला, वायदा मागणाऱ्याला नाही. त्याच वसंतात ताजिकिस्तानचा पहिला सचिव उल्जाबायेव्ह कापसाच्या खोट्या आकड्यांमुळे पदावरून गेला, आणि कापसाची हीच गोष्ट पुढे वीस वर्षांनी शेजारच्या उझबेकिस्तानात इतकी मोठी झाली की तिच्यापुढे रियाझान म्हणजे किराणा दुकानातली उधारी वाटावी.

आणि मांस? १ जून १९६२ ला सरकारने मांसाच्या किमती सरासरी ३० टक्क्यांनी आणि लोण्याच्या २५ टक्क्यांनी वाढवल्या, कारण शेतकऱ्याला जादा भाव दिल्याशिवाय कोणी जनावर पाळायला तयार नव्हतं. रोस्तोव्ह ओब्लास्तमधल्या नोवोचेर्कास्कच्या रेल्वे इंजिन कारखान्यात कामगार त्या सकाळी पगारकपात आणि ही दरवाढ दोन्ही घेऊन कामावर आले, दुसऱ्या दिवशी शहराच्या चौकात सैन्याने गोळी चालवली, २६ माणसं मेली.